कडं आणि जिना

सहाव्या मजल्यावर कडेबाबा, आणि तळापासून वरपर्यंत जिन्यात माणसंच माणसं. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टनं आलेल्याला बाबा कडं देत नसे. न बसता चढायचं. मध्ये टेकलात की परत खाली. वरून कर्ण्यातून बाबाचं तोंड चालूच: "माझं कडं घातलेल्या एकाचं तरी हृदय बंद पडलंय? दाखवा, आत्ता दुकान गुंडाळतो!" कुणालाच दाखवता येत नव्हतं. खरंच कुणाचं पडलं नव्हतं, आणि माझी पंचाईत तिथंच होती.

माझा दादा शिंपी. मागे त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. गोळ्या आणि कडं एकत्र नांदत नाहीत म्हणे, म्हणून पठ्ठ्यानं गोळ्या सोडल्या. वहिनी रडून थकली. शेवटी तो कडं घ्यायला निघालाच, तेव्हा मी त्याच्या डॉक्टरबाईंनाच घेऊन जिना गाठला.

चौथ्या मजल्याच्या वळणावर दादा कठडा धरून उभा होता, घामानं निथळत.

"दादा, बस खाली!"

"बसलो तर कडं जाईल रे. शेजारच्या काकू अशाच बसल्या, परत पाठवलं. थोड्याच दिवसांत गेल्या. कडं नव्हतं ना!"

डॉक्टरबाईंनी त्याची नाडी धरली आणि रांग लावणाऱ्या चेल्याला विचारलं, "असे बसणारे बरेच असतात?"

"पुष्कळ. श्रद्धा कच्ची त्यांची."

"हृदय आजारी असतं त्यांचं, म्हणून धाप लागते. त्यांना तुम्ही जिन्यातच गाळता. सहा मजले चढणारा धडधाकट माणूस कड्याशिवायही जगलाच असता. काकू आजारी होत्या म्हणून बसल्या आणि आजारी होत्या म्हणूनच गेल्या. कड्यानं काय केलं?"

मागून एकजण खेकसला, "बाजूला व्हा, आमचा दम तुटतोय!"

दादानं बसकण मारली. बाईंनी जिभेखाली गोळी ठेवली, मी ॲम्ब्युलन्स बोलावली. लिफ्टमधून उतरताना तो कुजबुजला, "मी आता कडं नसलेल्यांत ना?" संतापानं मला रडू आलं.

दादा वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची राहिलेली चप्पल आणायला गेलो, तर कर्णा सांगत होता, "काल एकजण मध्येच बसला. बघा, थेट दवाखान्यात!" जिनाभर माना डोलत होत्या.

तुमच्या घरचं कुणी असं निघालं, तर कडं घातलेल्यांकडे बघू नका. अर्ध्यातून परतलेल्यांची चौकशी करा. आणि वाद नंतर घाला, आधी गोळी द्या.