चाळीस मिनिटांची वाट

मी एक जुने, दोन पंख्यांचे छोटे विमान आहे. धावपट्टीच्या कडेला गवतात उभे असते. माझे डावे इंजिन कधीच काढून नेले. त्या पोकळीत आता पारव्यांनी संसार थाटला आहे.

मित्रांनो, डोंगराच्या या बाजूच्या विमानतळावरून त्या बाजूच्या विमानतळावर जायचे आणि परत यायचे, एवढेच माझे काम होते. नकाशावर दोन्ही गावे शेजारीशेजारी दिसतात. मला चाळीस मिनिटे लागत. रस्ता मात्र अख्ख्या डोंगराला वळसा घालतो. सकाळी निघालेली बस तिथे रात्री पोहोचते. मी नवे कोरे आले, तेव्हा पोरेसोरे कुंपणाला लटकून मला बघत होती.

शिवणकाम करणाऱ्या मावशी माझ्या नेहमीच्या प्रवासी. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि डायलिसिसची सोय फक्त पलीकडच्या गावात होती. आठवड्यातून दोनदा सकाळी त्या जात आणि संध्याकाळी घरी परतत. त्यांचे यजमान बेकरी चालवत. हाताचे पीठ तसेच ठेवून ते मावशींना सोडायला येत.

एकदा मावशी मला उडवणाऱ्या कॅप्टनबाईंना म्हणाल्या, "बाई, आभाळात हिंडता आणि बाही उसवलेली? काढा तो कोट!" मी सुटायच्या आत बाही शिवून झाली होती.

पुढे माझ्या डाव्या इंजिनातून तेल झिरपू लागले. कॅप्टनबाईंनी कंपनीच्या साहेबांना दोनदा सांगितले.

"तपासणीत पास झालंय ना? मग पुढच्या महिन्यात बघू," साहेब म्हणाले.

तो महिना उजाडलाच नाही. एका सकाळी ऐन डोंगरावर ते इंजिन धडधडले आणि बंद पडले. मी एका कुशीवर कलले. मावशींनी शेजारच्या आजोबांचा हात घट्ट धरला. "काही होत नाही हं," असे त्या म्हणत होत्या, पण त्यांचाच चेहरा पांढराफटक पडला होता. कॅप्टनबाईंनी मला एकाच इंजिनावर वळवून माघारी आणले. सगळे सुखरूप उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी रडले.

मावशींनी मात्र विचारले, "आता मी जाऊ कशी?"

यजमानांनी त्यांना बेकरीच्या गाडीत घातले आणि घाटाचा रस्ता धरला. पोहोचेपर्यंत मावशींच्या छातीत पाणी साठले होते. श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी रात्रभर झुंज दिली, म्हणून त्या वाचल्या.

मी पुन्हा उडाले नाही. कंपनीने ही सेवाच बंद केली. मावशींना इस्पितळाजवळ भाड्याची खोली घ्यावी लागली. भट्टी सोडून यजमानांना जाता येईना. आता त्या तिकडे, हे इकडे.

परवा यजमान माझ्यापाशी आले. पंखावरून हात फिरवत त्यांनी विमानतळावरच्या मिस्त्रींना विचारले, "हे पुन्हा उडेल का हो?"

"नाही, दादा. याचे सुटे भागही आता मिळत नाहीत."

त्यांनी पंखावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "तिने इथे फोन करून विचारलं, तर हे सांगू नका. दुरुस्ती चाललीय, असं मी तिला सांगत असतो."

मित्रांनो, यंत्राची कुरकुर वेळीच ऐकत जा. उशीर झाला, की भल्या माणसांना आपल्याच माणसांशी असे खोटे बोलावे लागते.