पाण्यातलं पाण्यात

बसमधून उतरल्या उतरल्या धाकटीच्या नाकात उकडलेल्या अंड्यांचा वास शिरला, आणि वाटभर घट्ट मिटून धरलेलं तिचं तोंड आपोआप सैल झालं. ऊन झऱ्यांच्या गंधकाचा वास हा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने याच स्टँडवर नाकाला रुमाल लावला होता, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आज नाक मुरडतेस, उद्या याच वासाची आठवण काढशील." काढली होती. अकरा वर्षं काढली होती, पण सांगणार कुणाला?

डोंगरातला चढाचा रस्ता तोच होता. झऱ्याचं जास्तीचं पाणी वाहून नेणारा कडेचा दगडी पाट तोच. उबेला त्याच्या काठावर पसरलेलं मांजर तेच नसलं, तरी त्याच खानदानातलं असावं. टॉवेलच्या दुकानात मात्र म्हातारबुवांच्या जागी त्यांचा जावई बसला होता. त्याने मांडलेले तेच जुने पट्ट्यापट्ट्यांचे टॉवेल पाहून धाकटीला रडू आलं. साठी उलटलेल्या बाईने टॉवेल बघून रडावं, याची तिची तिलाच लाज वाटली.

सासूबाई दोन्ही सुनांना दरवर्षी इथे आणायच्या. निमित्त गुडघ्यांचं, खरं कारण वेगळं. एका छपराखाली दोन जावा म्हणजे भांड्याला भांडं लागणारच. ते वर्षभर वाजत राहण्यापेक्षा एकदाच काय ते वाजू दे, असं म्हातारीचं म्हणणं. दोघींना गळ्यापर्यंत पाण्यात बसवायचं आणि पोटात असेल ते ओकायला लावायचं. पण पाण्यातलं पाण्यात. काठावर पाय ठेवला की त्यातला एक शब्दही पुन्हा काढायचा नाही, ना एकमेकींजवळ, ना नवऱ्याजवळ. इतक्या वर्षांत दोघींनी हा नियम कधी मोडला नव्हता. धाकटीला ऊन पाणी सोसायचं नाही. ती लालबुंद होऊन आधी बाहेर पडायची, म्हणून शेवटचा शब्द नेहमी थोरलीचा.

मग सासूबाई गेल्या, आणि थोरलीने धाकटीला कळवलंच नाही. धाकटीचा नवरा त्याआधीच वारला होता, आणि ती दूरच्या शहरात लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मोठ्या दिरांनाही थोरलीने गप्प बसवलं. पाचव्या दिवशी, नातू झाला त्या संध्याकाळी, फोन आला. तोवर सगळं आटोपलं होतं. सासूबाईंचं शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही. "का नाही कळवलंत?" या प्रश्नाला थोरलीचं एकच उत्तर, "पाण्याला ये, मग बोलू." माणूस गेलंय आणि हिला अंघोळ सुचतेय. धाकटीने वेगळं बिऱ्हाड केलं, बोलणं टाकलं आणि साऱ्या नातेवाइकांत थोरलीला दगडाच्या काळजाची ठरवून मोकळी झाली.

दरवर्षी थोरलीचं कार्ड यायचं. एकच ओळ, "गुडघे दुखताहेत. पाण्याला येतेस का?" धाकटी ते फाडायची. यंदा त्याखाली आणखी एक ओळ होती, "डॉक्टर म्हणतात, हृदयाला गरम पाणी आता झेपणार नाही. ही शेवटची खेप." हे कार्ड तिला फाडवलं नाही. एकदा तोंडावर विचारायचंच, आणि धड उत्तर मिळालं नाही तर आल्या पावली परतायचं, असं ठरवून ती आली होती.

थोरली कुंडाबाहेरच्या बाकावर बसली होती. फार वाळली होती.

"गुडघे कसे आहेत?" तिने विचारलं.

"आहेत जागेवर," धाकटी म्हणाली.

किल्लीवालीने कुंडाची खोली उघडून दिली. "पंधरा मिनिटं. आणि मोठ्या बाई, तुम्ही दहाच."

लाकडी दार जाऊन पत्र्याचं आलं होतं. पायऱ्या मात्र जुन्याच. दोघी आपापल्या कोपऱ्यात उतरल्या आणि मधली पायरी, सासूबाईंची, रिकामी राहिली.

"आता बोला," धाकटी म्हणाली. "का नाही कळवलंत?"

थोरलीने पाणी गळ्यापर्यंत येऊ दिलं. "तू लेकीकडे गेलीस त्याच आठवड्यात आईंनी मला एकटीला इथे आणलं होतं. त्या तिथे बसल्या होत्या. म्हणाल्या, माझं आता काही खरं नाही. मी गेले तर बाळ हाती येईपर्यंत धाकटीला कळवू नकोस. ती माझ्यासाठी धावत येईल आणि तिची पोर एकटी पडेल. ती तुला बोलेल. तू ऐकून घे." मग म्हणाली, "तुझ्या जावयाला रोज फोन करत होते मी, सुटली का म्हणून."

धाकटीने मधल्या पायरीकडे पाहिलं. "अहो, पण अकरा वर्षं? कार्डावर लिहायचंत ना."

"कुठे बसून लिहू? आईंनी ते पाण्यात सांगितलं होतं."

असला वेडेपणा जगात दुसऱ्या कुणी केला नसता. थोरलीच्या जागी असतो तर आपणही हेच केलं असतं, हे धाकटीला उमगलं. तेवढ्यात किल्लीवालीने दार ठोठावलं आणि थोरलीला हात देऊन वर घेतलं. ती आधी बाहेर पडली, असं पहिल्यांदाच झालं.

धाकटी कपडे करून आली तेव्हा थोरली पाटाकाठच्या बाकावर केस पुसत होती.

"ताई, मी तुम्हाला इतकी वर्षं..."

"बाहेर नाही," थोरली म्हणाली.

"पण तुम्ही आता पुन्हा पाण्यात उतरणार नाही."

थोरली केस पुसत राहिली.

धाकटीने पाटाकडे पाहिलं. चपला काढल्या, मांजराला बाजूला सारलं आणि भर रस्त्यात दोन्ही पाय पाटात सोडले.

"अगं, पोळशील."

"तुम्हीही या. पावलांपुरतं डॉक्टर काही म्हणायचे नाहीत."

थोरलीने इकडे तिकडे पाहिलं. टॉवेलवाला बघत होता. तरी तिने चपला काढल्या आणि ती धाकटीशेजारी येऊन बसली.

"चुकलं माझं, ताई," धाकटी म्हणाली.

थोरलीने नुसती मान हलवली. पाणी भारी कढत होतं, पण या खेपेला धाकटीने पाय आधी काढले नाहीत.