दोघींचा आंबट कोबी

मी बरणी बोलतेय. राखाडी अंगाची, पोटावर निळी वेल काढलेली, दोन कानांची जाडजूड बरणी. माझ्या पोटात आयुष्यभर एकच गोष्ट राहिली: मीठ लावून आंबवलेला कोबी. तुमच्याकडे लोणचं मुरतं ना, तसाच तो मुरतो. फक्त त्याला तेल लागत नाही, मसाला लागत नाही आणि चुलीवर तर चढवायचाच नसतो. हे शेवटचं पटायला आमच्या घरात एक अख्खा हिवाळा जावा लागला. तीच गोष्ट सांगायची आहे.

जन्म माझा दक्षिणेकडच्या डोंगरातला, वेस्टरवाल्डचा. भट्टी पांढरीफटक तापली की म्हातारा कुंभार वरच्या भोकातून मूठमूठ मीठ आत फेकायचा. त्याची वाफ आमच्या अंगाला बसायची आणि काचेसारखी चकाकी यायची. तिथून गवतात गुंडाळून मला उत्तरेला धाडलं, डिटमार्शेनला. सपाट मुलूख. समुद्र अडवणारा बांध, बांधावर मेंढ्या, आणि बांधाच्या आत नजर पोचेल तिथवर कोबीचं पीक.

टेल्झे क्लाउसेनच्या लग्नात तिच्या आत्यानं मला आहेर म्हणून दिलं. टेल्झे हाडापेराने मजबूत, जिभेने त्याहून मजबूत. मायाही होती, पण ती खोल विहिरीतल्या पाण्यासारखी; पोहरा सोडल्याशिवाय हाती लागायची नाही. तिचा नवरा हिन्नर्क शांत माणूस. ऑक्टोबरात दोघं मिळून कोबी किसायची, मिठात कालवायची आणि माझ्यात लाकडी दांड्याने ठेचून ठेचून भरायची. कोबीला स्वतःचंच पाणी सुटायचं. वर फळी, फळीवर दगड. काही दिवसांतच माझ्या पोटात गुडगुड सुरू व्हायची.

"बरणी बोलायला लागली," असं म्हणत हिन्नर्क माझ्या कानाला कान लावायचा.

ते दिवस फार टिकले नाहीत. जगभर लढाई सुरू झाली, हिन्नर्क सैन्यात गेला. लढाई संपली तरी तो आला नाही. फ्रान्समध्ये कैदेत आहे, एवढंच कळलं. टेल्झेनं त्या वर्षी एकटीनं कोबी किसला आणि मला स्वयंपाकघराच्या मागच्या कोठीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली एप्रनच्या खिशात. "हिन्नर्क आला की उघडायची," ती शेजारणीला म्हणाली. "त्याला माझ्या हातचा कोबी लागतो."

त्याच सुमारास सरकारी माणूस दारात आला. त्याच्यामागे एक बाई आणि आठेक वर्षांची पोर. पूर्वेकडून, पूर्व प्रशियातून, लढाईत सगळं मागे टाकून पळून आलेली लाखो माणसं आमच्या मुलखात येऊन पडली होती. घरोघरी वाटून दिली जात होती. आमच्या वाट्याला एर्डमुटे नाउयोक्स आणि तिची लेक ट्राउटे आल्या. राहायला माडीवरची खोली. चूल मात्र एकच.

एका चुलीवर दोन बायका. पुढचं तुम्हाला सांगायला नकोच.

"मालकीणबाई, कोबीत शहाजिरे नाही घालत?" पहिल्याच आठवड्यात एर्डमुटेनं सहज विचारलं.

"आमच्या कोबीला कोबीची चव असते," टेल्झे म्हणाली. "तुमच्याकडच्या कोबीला नसेल, म्हणून घालत असाल."

एकदा टेल्झे मागच्या वर्षीचा, बाटलीत उरलेला कोबी डुकराच्या चरबीत घालून दुपारभर उकळत बसली, तेव्हा एर्डमुटे लेकीला हळूच म्हणाली, "उकळा म्हणावं अजून. जीव राहिलाय थोडा त्याच्यात."

टेल्झेनं ते ऐकलं. त्यानंतर दोघींमध्ये फक्त "सरका" आणि "झालं का तुमचं" एवढंच बोलणं उरलं.

एर्डमुटे गरीब घरची नव्हती. तिकडे तिचं शेत होतं, घोडे होते. इथे ती परक्यांच्या शेतात सलगम उपटायला जायची. घरी आली की दोघींच्या वाटणीचं लेकीपुढे ठेवायची आणि म्हणायची, "मी शेतावरच खाल्लं." कोठीच्या दाराला फट होती. तिच्या मोकळ्या ताटलीवरून मला सगळं कळत होतं. पण मी बोलून बोलून काय, पोटात गुडगुडणार.

त्या साली थंडी अशी पडली की बांधापलीकडचा समुद्रही गोठला. शेतातली कामं थांबली. भाजी दिसेनाशी झाली. पाव आणि सलगम, सलगम आणि पाव. एर्डमुटेचे पाय सुजले. जिना चढताना ती मध्येच बसायला लागली.

एके दिवशी सकाळी ट्राउटे शाळेत गेली होती. एर्डमुटे टेबलापाशी पाव खात होती आणि टेल्झे राख काढायला आली. तिची नजर पावावर गेली. पावाच्या तुकड्यावर लाल डाग होता.

"हं," टेल्झे कमरेवर हात ठेवून म्हणाली. "म्हणजे माझ्या मुरंब्याला पाय फुटले म्हणायचे."

"काय?"

"फळीवरचा मुरंबा. मी स्वतः हात लावत नाही त्याला. मागितला असता तर चमचाभर दिला नसता का? पण न विचारता?"

एर्डमुटे उठली, खिडकीपाशी उजेडात गेली आणि तिनं तोंड उघडून ओठ वर केला. हिरड्या सुजून जांभळ्या पडल्या होत्या. दातांच्या कडेनं रक्त येत होतं.

"माझा आहे तो मुरंबा," ती म्हणाली.

टेल्झेच्या हातातलं राखेचं पातेलं तसंच राहिलं. मग टेल्झे खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत स्वयंपाकघरात ती दिवसाढवळ्या बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"कधीपासून?"

"नाताळाच्या आधीपासून."

"आणि तू सांगितलं नाहीस? अगं, माणूस आहेस की लाकूड?" त्या दिवशी पहिल्यांदा टेल्झेच्या तोंडून 'अगं' निघालं, आणि तेही रागावून.

डॉक्टरीणबाई शाळेतल्या मुलांना तपासायला गावात आल्याच होत्या. टेल्झे बर्फातून जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पायावरचे ठिपके पाहिले.

"पूर्वी खलाशांना व्हायचा तो आजार," त्या म्हणाल्या. "ताजी भाजी, फळ पोटात नाही म्हणून होतो. औषध मला शहरातून मागवावं लागेल, कधी मिळेल सांगता येत नाही. घरात आंबवलेला कोबी आहे?"

टेल्झेचा हात आपोआप एप्रनच्या खिशाकडे गेला. "आहे. आत्ता चढवते शिजायला."

"अजिबात नाही! जे हवंय तेच उकळून घालवाल. क जीवनसत्त्वाला उष्णता सोसत नाही. कच्चा द्या, रसासकट. रोज, थोडा थोडा."

"कच्चा? डुकरांना घालतात तसा?"

"डुकरांच्या हिरड्यांतून रक्त आलेलं कधी पाहिलंत?" डॉक्टरीणबाईंनी पिशवी उचलली. "आणि नुसत्या कोबीवर ठेवू नका. दूध, बटाटे, जे असेल ते द्या. या बाईनं कित्येक दिवस पोटभर खाल्लेलं नाही."

टेल्झे कोठीच्या दारापाशी आली. कुलूप उघडलं. मला वाटलं, आता ही फळी काढेल. पण ती नुसतीच उभी राहिली, फळीवरच्या दगडावर हात ठेवून. हिन्नर्क आला की उघडायची, असं तिनं ठरवलं होतं. न उघडलेली मी म्हणजे हिन्नर्क येणार याची खूणच होऊन बसले होते. उघडायची तर ती खूण मोडायची. तिचे डोळे भरून आले, आणि मग तिनं दगड उचलून बाजूला ठेवला.

वाडगं भरून टेबलावर आलं. एर्डमुटेनं ते दूर सारलं.

"मी भीक घेत नाही, मालकीणबाई."

"भीक कोण देतंय? औषध आहे ते."

"मग तुम्हीपण घ्या. एकटीनं खाल्लं की भीक होते."

टेल्झेनं कपाळाला हात लावला. "देवा, हिचं डोकं आहे की बांधाचा दगड!" पण चमचा उचलला. पहिल्या घासाला तिनं तोंड असं वेडंवाकडं केलं, की कित्येक आठवडे न हसलेली एर्डमुटे हसली आणि लगेच गाल धरून विव्हळली.

दुपारी ट्राउटे शाळेतून आली, तेव्हा तिसरं वाडगं निघालं. त्या दिवसापासून त्या तिघी एका टेबलावर जेवल्या. आधी रक्त थांबलं, मग सूज उतरली. बांधावरचा बर्फ वितळू लागला, तेव्हा एर्डमुटे पाण्याच्या बादल्या उचलत होती आणि मी तळापर्यंत रिकामी झाले होते. टेल्झे मला धुताना म्हणाली, "आता आला हिन्नर्क, तर त्याला काय देऊ?"

"बटाटे," एर्डमुटे म्हणाली. "कैदेतून आलेला माणूस तक्रार करत नाही."

हिन्नर्क शरदात आला. काठीसारखा वाळलेला. दारात उभा राहून पाहतो, तर दोन बायका बाह्या सारून कोबी किसतायत आणि एकमेकींवर ओरडतायत. टेल्झे किसणी टाकून धावली ती त्याच्या गळ्यात पडली. रडून झालं, तसा तो माझ्यात डोकावला.

"यात हे काळं काळं काय पडलंय? उंदरानं घाण केली का?"

"शहाजिरं आहे ते," टेल्झे फणकारली. "चव कळत असेल तर खा."

पुढे एर्डमुटेला गावाच्या टोकाला स्वतःचं छोटं घर मिळालं. ती गेली त्या दिवशी टेल्झेनं भांडी इतकी आपटली की हिन्नर्क मेंढ्यांकडे निघून गेला. पण दर ऑक्टोबरात एर्डमुटे हजर व्हायची. म्हातारपणी टेल्झेचा रक्तदाब वाढला; डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. ती वाडगं भरून घ्यायला लागली की एर्डमुटे तिच्या हातावर चापट मारायची. "चांगली गोष्टसुद्धा मापात खावी, टेल्झे. दोन चमचे. तेही धुऊन." एकेकाळी रस पी म्हणून टेल्झे जिच्या मागे लागायची, तीच एर्डमुटे आता रस ओतून टाकायची. टेल्झे कुरकुरायची, पण ऐकायची.

टेल्झे आधी गेली. त्या वर्षी एर्डमुटे कोबी घेऊन आलीच नाही. दुसऱ्या वर्षी हिन्नर्कनं मला ढकलगाडीत घातलं आणि तिच्या अंगणात नेऊन ठेवलं. "हिची जागा इथे," एवढंच बोलून तो परत गेला.

आता एर्डमुटेही नाही. मी ट्राउटेकडे आहे. ती स्वतः पंचाहत्तरीच्या पुढे गेली तरी माझ्यात कोबी भरत होती. मग एका हिवाळ्यात मी अंगणात राहिले आणि माझ्या बुडाला चीर गेली. पाणी झिरपायला लागलं. तिची मुलगी म्हणाली, "आई, आता टाकून दे ना ती." ट्राउटेनं मला उपडं केलं, वर उशी ठेवली आणि माझ्यावर बसून ती काचेच्या बरण्यांत कोबी भरायला लागली. पोरीसाठी एक, नातवंडांसाठी एक, एक वर राहणाऱ्या शेजाऱ्यांसाठी.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातही माझी एखादी बहीण माळ्यावर पालथी पडली असेल. तिला खाली काढा. तुमच्या मातीत जे पिकतं ते तिच्यात भरा, आणि ते खाताना शेजारी कुणाला तरी बसवून घ्या. माझं म्हणाल तर मी मजेत आहे. पोटात आता काही राहत नाही. पण पाठीवर एक म्हातारी बसते, गुणगुणते, आणि तिचे दात अजून सगळे तिचे स्वतःचे आहेत.