मावशींची आठ दिवसांची मुदत

मावशींच्या तोंडी लागायची अख्ख्या इमारतीत कुणाची छाती नव्हती. सेक्रेटरींचीही नव्हती, पण या खेपेला त्यांचा नाइलाज होता. सातवा महिना लागलेली त्यांची लेक राहायला आली होती आणि डासांनी तिला फोडून काढलं होतं.

"रविवारी धूर मारायचा. गच्चीवरसुद्धा," त्यांनी जाहीर केलं.

गच्चीवर मावशींच्या मधमाश्यांच्या चार पेट्या होत्या, बारा वर्षं पोटच्या पोरांसारख्या जपलेल्या. त्या धुराने माश्यांचा निकालच लागला असता.

"आठ दिवस द्या मला," मावशी कडाडल्या. "डास साचलेल्या पाण्यात होतात. ते पाणी मी शोधते. डास नाही हटले, तर मारा खुशाल धूर."

सेक्रेटरी भला माणूस. दिले बापड्याने आठ दिवस.

मग काय विचारता! हातात टॉर्च घेऊन मावशी घराघरांत शिरल्या. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या कुंड्यांखालच्या बशा त्यांनी ओतायला लावल्या. शेजारच्या पेन्शनरच्या कूलरमध्ये डोकावून म्हणाल्या, "यात काय मासे पाळायचेत?" खुद्द सेक्रेटरींच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळताना सापडल्या, तेव्हा तर मावशींचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. लोक वैतागले, हसले, पण पाणी ओतून मोकळे झाले. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यांवरची चापटाचापटी थांबली. सेक्रेटरींच्या, वरच्या मजल्यावर मात्र डास तसूभरही हटले नाहीत. सेक्रेटरींची लेक रात्र रात्र जागीच.

मुदत संपली त्या रविवारी सकाळी मावशी माश्यांचं पाणी भरायला गच्चीवर गेल्या. माश्यांना बसून पिता यावं म्हणून एका परातीत गोटे ठेवून पाणी भरलेलं असायचं. रोज त्यात तांब्याभर नवं पाणी पडायचं, जुनं कधी ओतलं जायचं नाही. त्या दिवशी ऊन तिरपं आलं आणि गोट्यांच्या मधे काहीतरी हललं. अळ्या! एकदोन नव्हे, शेकड्यांनी.

"अगं बाई!" मावशी मटकन खालीच बसल्या. आठ दिवस दुसऱ्यांच्या फ्रिजमागे डोकं घातलं, आणि कारखाना आपल्याच गच्चीवर!

खाली फवारणीवाल्याची स्कूटर थांबली. परात तापल्या फरशीवर उलटी केली असती, तर दहा मिनिटांत सगळं वाळून गेलं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. खोटं कशाला बोला, मावशींनी त्यासाठी परात उचललीही होती. पण लेकीच्या हातापायांवरच्या गांधी डोळ्यांपुढे आल्या आणि त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. परात तशीच घेऊन त्या सेक्रेटरींच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुमच्या लेकीला माझ्या पाण्यातले डास चावले," त्या म्हणाल्या. "पेट्या मी ओल्या गोणपाटाने झाकते. मारा धूर."

सेक्रेटरींनी परातीत पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना हसूच फुटलं. "मावशी, माझ्या ट्रेमध्ये तर वीसच निघाल्या होत्या हो!"

मागून आलेला फवारणीवाला म्हणाला, "मूळ सापडलंय, आता गच्चीवर धूर कशाला? ताईंच्या खोलीत भिंतींना औषध मारू. पण दिवसभर त्यांना तिथे ठेवू नका."

हे ऐकलं मात्र, मावशी परत मूळपदावर! "आधी हातमोजे घाल. तोंडाला मास्क बांध. औषध मापाने घे, अंदाजपंचे चालणार नाही. बाटलीवरचं वाच मोठ्याने!" त्याने निमूटपणे वाचलं. सेक्रेटरीणबाईंनी भांडी, अंथरुणं, पाण्याचा हंडा सगळं बाहेर काढलं. मावशींनी अळ्यांचं पाणी उन्हात ओतलं, परात घासली, गोटे घासले, आणि लेकीला हाताला धरून आपल्या घरी नेलं.

तिथे मच्छरदाणी लावलेली होती. लेक टेकली, "पाचच मिनिटं हं मावशी," म्हणाली, आणि चार तास गाढ झोपली. कुणी बेल वाजवू नये म्हणून मावशी तेवढा वेळ बाहेर दाराशी खुर्ची टाकून बसल्या, आणि जिन्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.