मैनाबाईच्या चंचीतली रिकामी पट्टी

मी दम्याच्या गोळ्यांची पट्टी बोलतेय. पोटात एकही गोळी उरलेली नाही, अंग चुरगळलंय, तंबाखूचा वास तर जाता जात नाही. पण बोलायची हौस अजून तशीच आहे.

माझा जन्म बोईसरचा. तिथल्या एका कारखान्यात यंत्राने माझ्या पोटात पांढऱ्या गोळ्या बसवल्या, वरून चंदेरी कागद दाबून चिकटवला आणि पाठीवर माझं नाव, तारीख आणि एक इशारा छापला. इशारा इतका बारीक, की तो वाचायला मुंगीचेच डोळे हवेत. मग खोक्यात बसून मी पालघरला आले, एका औषधाच्या दुकानात. तिथून मला उचललं ते देवूने, त्याच्या बायकोसाठी.

ती बायको म्हणजे मैनाबाई. मासवणच्या बाजूला एका पाड्यावर राहणारी. ती धवलेरी आहे. वारल्यांच्या घरात लग्न लागतं ते धवलेरीच्या गाण्याने. ती गायली नाही तर नवरा-नवरी नुसतेच बसून राहतील. मैनाबाईचा आवाज पंचक्रोशीत नावाजलेला. पण भाताच्या झोडणीत पेंढ्याची धूळ छातीत गेली आणि तिला अशी धाप लागली, की 'पाणी दे' एवढं म्हणायलाही दोनदा थांबावं लागे.

पालघरच्या डॉक्टर हेतल यांनी तिला तपासलं, वाफ दिली आणि देवूने दुकानातून आणलेली मला तिच्या हातात ठेवून म्हणाल्या, "या गोळ्या थोडेच दिवस. संपल्या की बंद. आणि हा पंप मात्र रोज ओढायचा. खरं औषध तो आहे."

मैनाबाईने मान डोलावली. घरी येऊन पंप पिशवीत घालून वाशाला टांगला.

"पंप म्हातारे ओढतात," ती देवूला म्हणाली. "लोकांनी पायला तर लग्नाला मला कोण बोलवंल?"

आणि तिने माझ्यातली एक गोळी गिळली.

काय सांगू तुम्हाला! दुसऱ्या दिवशी छाती मोकळी झाली. त्यानंतर भूक लागली. साधीसुधी नाही. सकाळी तिने नाचणीच्या भाकऱ्या खाल्ल्या, त्यावर सुकट खाल्ली, मग देवूच्या ताटाकडे बघत बसली. देवूने ताट जवळ ओढलं. तिने त्याच्याशी गोड बोलून त्यातलाही अर्धा बोंबील उचलला. पोटात अन्न गेलं तशी अंगात वाराच शिरला. घर सारवून झालं, अंगण सारवून झालं, मग शेजारणीचं अंगण सारवलं. शेजारीण नको नको म्हणत होती. कोंबड्यांना ओळीत चालायला शिकवायचाही एक प्रयत्न झाला, तो फसला. आणि तोंड! सकाळी सुरू झालं की दिवसभर चालूच.

देवू कुडाला टेकून म्हणाला, "आदी बरी होती गं. दोन शब्द बोलायची आन् दम खायची."

मैनाबाई खो खो हसली. कित्येक महिन्यांनी ती खोकल्याशिवाय हसत होती. मला इतका अभिमान वाटला, की कागद असून फुगावंसं वाटलं.

मी संपले. आता खरं तर माझी जागा उकिरड्यावर. पण मैनाबाईने मला घडी घालून तिच्या चंचीत, पानतंबाखूच्या पिशवीत ठेवलं. बाजाराच्या दिवशी तिने मला औषधवाल्यासमोर धरलं. "अशीच द्या."

त्याने माझं नाव वाचलं, तिचं नाव विचारलं नाही. नवी पट्टी दिली.

ती संपली, तेव्हा पुन्हा मी पुढे. मग पुन्हा. थंडी सरली, पळस फुलला, तरी आमचं चालूच. मी नमुना होते ना! बाजारात मिरवताना मजाही यायची, खोटं कशाला बोलू?

मैनाबाईचा चेहरा गोल होऊ लागला. गाल वर आले, डोळे आत गेले. पाड्यावरच्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "मैनाबाय, तब्येत सुदारली तुजी! काय खातंस?" ती सुखावून म्हणायची, "सगळाच खाते!" बांगड्या हातात चढेनात, चोळी शिवणीतून उसवली, तरी सगळे खूश. मी चंचीत बसून विचार करत होते, की ही सूज आहे हे यांना सांगावं कसं? पट्टीचं ऐकतं कोण?

तेवढ्यात भाची सुलूचं लग्न ठरलं. सुलू बोईसरला कंपनीत कामाला जाते, हुशार पोरगी, मावशीवर जीव. "मावशे, माझं लगीन तूच लावायचं," तिने आधीच सांगून ठेवलं होतं. एका दुपारी ती गाण्यांची तयारी ऐकायला आली.

मैनाबाई जमिनीवर बसून गात होती. छान गात होती. मधेच सुलू म्हणाली, "मावशे, ही ओळ आदी नव्हती ना?"

झालं! मैनाबाई कडाडली, "मला शिकवतंस? तुजं लगीन मी लावणारच नाय! जा, मोबाइलवर गाणी लाव!"

सुलूचं तोंड एवढंसं झालं. पुढच्याच क्षणी मैनाबाई हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली. "काय होतंय मला, समजत नाय गं." ती उठायला गेली, तर मांड्यांत जोरच नाही. हात टेकले, पुन्हा बसली. पुन्हा हात टेकले, पुन्हा बसली. सुलूने काखेत हात घालून तिला उचललं, आणि मी चंचीतून टुपकन खाली पडले.

सुलूने मला उचललं. पाठीवरचा तो इशारा तिने उजेडात धरून वाचला: डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. तिला मुंगीचे डोळे होते बहुतेक.

"मावशे, ही कंदीपासून खातंस?"

"झोडणीपासून."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टर हेतलकडे. मैनाबाई आधीच फणकारून म्हणाली, "बंद करते आजपासून. झालं?"

"अजिबात नाही!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. "ही स्टिरॉइडची गोळी आहे, इतके दिवस घेतल्यावर एकदम बंद केली तर चक्कर येऊन पडाल. मी सांगते तशी हळूहळू कमी करायची. साखरही वाढलीय तुमची. आणि पंप कुठे आहे?"

"वाशाला."

"वासा श्वास घेतो का?"

सुलू फिस्सकन हसली. डॉक्टरही हसल्या, मग समजावून म्हणाल्या, "पंपाचं औषध थोडंसंच, आणि सरळ छातीत जातं. गोळी सगळ्या अंगातून फिरते. पोटात, गालांत, मांड्यांत, डोक्यात."

मैनाबाई विचारात पडली. "म्हंजे पंप गपचूप कामावर जातो, आन् गोळी गावभर वरात काडते?"

"अगदी तसंच."

मला राग आला नाही. खरंच होतं ते.

वासा मोकळा झाला. पंप रोज सुरू झाला, गोळी उतरत गेली. काही दिवस मैनाबाई मलूल होती. अंग दुखायचं, कशातच मन लागायचं नाही. दर आठवड्याला सुलू तिला डॉक्टरकडे नेऊन आणायची. लग्न उजाडलं तेव्हा गाल अजून गोलच होते, पण ती आपल्या पायांनी चालत मांडवात गेली.

मांडव गच्च भरलेला. मैनाबाई गाऊ लागली आणि सगळे गप्प झाले. बराच वेळ गायली. मग एका लांब ओळीवर तिचा श्वास अडकला. शिट्टीसारखा आवाज आला. देवू अर्धवट उठला. सुलूने हळदीच्या हाताने पदर घट्ट धरला.

मैनाबाईने चंचीत हात घातला. माझ्या शेजारी डॉक्टरांनी अडीनडीला दिलेला निळा पंप होता. तो तिने सगळ्या पाड्यासमोर, देवासमोर, बाहेर काढला आणि तोंडाला लावला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "देवपण थांबंल."

कोणी हसलं नाही. मागे बसलेल्या एका म्हातारीने ती अर्धी राहिलेली ओळ हळूच उचलली. दुसरीने साथ दिली. मग सगळ्या बायका तीच ओळ पुन्हा पुन्हा गात राहिल्या, मैनाबाईची छाती मोकळी होईपर्यंत. आणि मग तिचा आवाज त्यांच्यात येऊन मिसळला, वर चढला, आणि सुलूचं लग्न लागलं.

आज गोळी पूर्ण सुटली. मैनाबाईने मला स्वतःच्या हाताने चंचीतून काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आहे. "कापा हिला. नायतर बाजारात गेले की हात जातो."

डॉक्टरांनी कात्री घेतली आहे. मला भीती नाही. मी एका बाईला श्वास दिला आणि तिचा जीवही खाल्ला, दोन्ही खरं. माझं एकच मागणं आहे. गरज असेल तेव्हा मला जरूर बोलवा, पण मी यायचं कधी आणि जायचं कसं, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

कात्री माझ्या नावावर टेकली आहे. आणि मैनाबाई टेबलावर कोपर ठेवून विचारतेय, "डॉक्टरीण, तुमचं लगीन झालं?"

"नाही अजून."

"मंग सांगा. मी येते गायला."