डावा की उजवा

दुकानदाराने दोन्ही मॉनिटरांवरच्या कंपनीच्या नावांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या आणि हात झटकले.

"आता सांगा. डावा की उजवा?"

धाकटा पुढे वाकला. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र पळत होतं. इमारतींची एक लांबलचक रांग, एका कडेने येणारी आणि दुसऱ्या कडेने नाहीशी होणारी.

लोक नाव आणि खोक्यावरचा आकडा विकत घेतात, डोळ्यांना विचारतच नाहीत, असं दुकानदाराचं ठाम मत होतं. म्हणून तो आधी परीक्षा घ्यायचा आणि मगच माल काढायचा.

"यातला एक सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, दुसरा दोनशे चाळीस वेळा," तो म्हणाला. "ज्याला फरक दिसत नाही त्याने उगाच पळणारा मॉनिटर कशाला न्यावा? आमच्या सासूबाई साठावर मालिका बघून मजेत रडतात."

त्याची ताई मागे पर्स पोटाशी धरून उभी होती. तिला पहिल्या नजरेतच कळलं. डावीकडच्या इमारती अडखळत, एकमेकींच्या पायात पाय घालत चालल्या होत्या. उजवीकडच्या पाण्यावरून सरकाव्यात तशा सरकत होत्या. यात विचारण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं.

धाकटा मात्र बघतच राहिला. एकदा डोळे बारीक केले, एकदा मान तिरकी केली. मग सहज केल्यासारखं मागे वळून त्याने ताईच्या तोंडाकडे पाहिलं.

"उजवा," तो म्हणाला.

"वा! डोळा आहे तुम्हाला," म्हणत दुकानदार खोकं आणायला आत गेला.

ताईने ती नजर ओळखली. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्यात तिची इतकी वर्षं गेली होती. 'हे बरं दिसतं की आधीचं?' असं विचारलं की ज्याला दिसत नाही तो माणूस समोरच्या पाटीकडे बघत नाही, तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. पोलीस असो की प्राध्यापक, सगळे तिथे कॉपी करायला बसलेल्या पोरासारखे. म्हणून कामावर असताना ती चेहरा कोऱ्या भिंतीसारखा ठेवायची. आज कामावर नव्हती. तिची नजर उजव्या पडद्यावर खिळली होती, आणि भावाने उत्तर तिथून उचललं होतं.



एके काळी ऑनलाइन गेमच्या संघात त्याला झपाट्या म्हणत. समोरचा खेळाडू भिंतीआडून डोकं काढतो न काढतो तोच याची गोळी तिथे पोचलेली असायची. कॉलेज सोडून त्याने ही एकच गोष्ट केली होती आणि ती झकास केली होती. आता संघातल्या बाकीच्यांना धड मिसरूड फुटलेलं नव्हतं, आणि ते याला काका म्हणू लागले होते. पहिल्यांदा तोही हसला होता. मग हरायला लागल्यावर आधी माऊस दोषी ठरला, नंतर खुर्ची, नंतर इंटरनेट. घरात निर्दोष असा एक मॉनिटरच उरला होता, तर त्याच्यावरही खटला उभा राहिला. रविवारच्या सामन्यात शेवटची संधी, असं कॅप्टनने स्वच्छ सांगितलं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला.

"हे बघा," खोकं बांधताना दुकानदार म्हणाला, "घरी गेल्यावर सेटिंगमध्ये जाऊन आकडा साठावरून वर न्यायचा. तो आपोआप चढत नाही. निम्मी गिऱ्हाइकं विसरतात, साठावरच खेळतात आणि मग मला येऊन शिव्या देतात."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला.

"ताई, तुम्ही लक्षात ठेवा. असल्या पोरांचं काही खरं नसतं."

"याला पोर म्हणणारे तुम्हीच," ताई म्हणाली. धाकटा हसला. तिला बरं वाटलं.

रविवारी दुपारी ती कॉफी घेऊन त्याच्या खोलीत गेली. नवा मॉनिटर टेबलावर रुबाबात बसला होता. धाकटा बोटं मोडत होता. मध्येच त्याने माऊस हलवला, आणि ताईने कप ठेवता ठेवता पडद्यावरचा बाण पाहिला. बाण अडखळत होता. डावीकडच्या इमारतींसारखा.

"अरे वेड्या!" तिने माऊस ओढून घेतला. "विसरलास ना? तो माणूस घसा कोरडा करून सांगत होता."

दुकानदाराने सांगितलेली जागा तिला सापडली. तिथे साठ होतं. खाली दोनशे चाळीस वाट बघत होतं. ती त्यावर बोट दाबणार, तेवढ्यात धाकट्याचा हात तिच्या हातावर आला.

"राहू दे."

"अरे, पण..."

"माहीत आहे मला. सामना झाल्यावर बदलू."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हात मात्र तसाच ठेवला. तो गार होता. ताईने आपला हात हळूच काढून घेतला.

कानावरच्या हेडफोनमधून कॅप्टनचा आवाज बाहेरही बारीक ऐकू येत होता. "काका, आलात का? नवा स्क्रीन आणला म्हणे. आज कारणं नकोत हं."

ताई खाली वाकली आणि भावाच्या तोंडापुढच्या माईकमध्ये मोठ्याने म्हणाली, "अहो, कसला नवा? दुकानदाराने खराब माल गळ्यात मारलाय. चित्र नुसतं अडखळतंय. उद्या परत करणार आहोत."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, जमलं. भावाला हवं होतं ते कारण आपण त्याच्या हातात ठेवलं.

धाकट्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. परवा दुकानात पाहिलं होतं तसंच, तिच्या तोंडाकडे. या वेळी तिने चेहरा कोरा करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. तो हरणारच असं तिथे लिहिलं होतं, आणि ते त्याने वाचलं.

"ताई गंमत करते आहे," तो माईकमध्ये म्हणाला. "एक मिनिट दे."

त्याने सेटिंग पुन्हा उघडलं. साठ काढलं, दोनशे चाळीस ठेवलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत उजळला. बाण आता पाण्यावरून सरकावा तसा सरकत होता.

"दिसतो का रे फरक?" तिने हळूच विचारलं.

"तू जा आता. दार ओढून घे."

ती बाहेर येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. आतून आधी माऊसच्या टिकटिकीचा नुसता सडा पडत होता. मग ती विरळ झाली. मग थांबली. खाली कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"हो," आतून धाकट्याचा आवाज आला. "हो. समजलं. दे जागा दुसऱ्याला."

खाली दुचाकीला पुन्हा एक किक बसली.

"नाही रे, स्क्रीन उत्तम आहे. एकदम उत्तम."