भावनिक वाचन

नम्रता मोकल रोह्याच्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पेणला जाऊन तिथल्या वाचनालयात वाचकांचा एक गट चालवायची. त्या वर्षी गटाने परदेशी कादंबऱ्यांचे अनुवाद वाचायला घेतले होते. जानेवारीत फिनलंडची एक, फेब्रुवारीत स्पेनची एक. फिनलंडच्या कादंबरीत नवरा लाकूडतोडीच्या कामाला दूर उत्तरेला गेलेला. बायको रोज तळ्यावरच्या बर्फाची जाडी मोजून वहीत लिहिते आणि अख्ख्या पुस्तकात कुणाशी धड चार वाक्यं बोलत नाही. स्पेनमधली बाई अगदी उलटी. तिचा नवरा जहाजावर, आणि ती स्वयंपाकघरातल्या त्याच्या रिकाम्या खुर्चीशी अखंड बोलत असते.

नम्रताने गटाला समजावलं, की एकीचं मौन थंडीच्या मुलखातून आलंय आणि दुसरीची बडबड उन्हाच्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. हफ्सा तेवढी खाली बघत बसली होती.

हफ्सा तिशीतली. सासू आमना आणि शाळेत जाणाऱ्या मुलीबरोबर ती धरमतरच्या रस्त्याला राहायची. नवरा जुहेब गेली नऊ वर्षं कतारला होता. बैठकीत ती फारसं बोलायची नाही, पण मार्चमध्ये तिने नम्रताच्या हातात चार पानं ठेवली. त्यात एक वाक्य होतं: ‘एक बाई गप्प राहते, एक बोलत राहते, पण दोघी एकच गोष्ट लपवतात, नवरा परत यावा असं आता त्यांना वाटत नाही.’ पुढे तिने दोन्ही कादंबऱ्यांतले प्रसंग पानांच्या आकड्यांसकट दिले होते. बर्फ वितळू लागतो, म्हणजे नवरा परतायची वेळ येते, तेव्हा पहिली बाई वहीत खोटे आकडे लिहिते. जहाज बंदरात येणार असं कळतं तेव्हा दुसरी त्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग ठेवते.

नम्रताने ती पानं दोनदा वाचली. वीस वर्षं शिकवून आपल्याला हे दिसलं नाही, याचा तिला राग आला. तिने खाली लाल पेनाने लिहिलं, ‘भावनिक वाचन. समीक्षेत स्वतःला बाजूला ठेवावं लागतं.’ आणि पुढच्या बैठकीत पानं परत दिली. हफ्साने तो शेरा वाचला, पानांची घडी घातली आणि म्हणाली, “व्हय मॅडम.” त्यानंतर ती गटाला आलीच नाही.

मे महिन्यात नम्रता एका त्रैमासिकासाठी याच दोन कादंबऱ्यांवर लेख लिहीत होती. थंडी आणि ऊन यांच्या पलीकडे लेख सरकेना. शेवटी तिने हफ्साचं वाक्य लिहिलं, थोडं फिरवून. मग खोटे आकडे आले, कपड्यांचा ढीगही आला. तळटीप नंतर टाकू, असं तिने स्वतःला सांगितलं. ती टाकली नाही.

सप्टेंबरात लेख छापून आला आणि गाजला. एका चर्चासत्रात तो वाचण्याचं निमंत्रण आलं. वर्गात भाविका नावाच्या मुलीने विचारलं, “मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं?”

“वाचता वाचता,” नम्रता म्हणाली. भाविकाने ते दोन शब्द वहीत उतरवून घेतले. उरलेला तास तिने कसाबसा रेटला.

त्याच शनिवारी सकाळी तिने पेणची एसटी धरली. वाटेत गडब गावाला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं तिला वाटलं. ती उतरली नाही.

आमनाने दार उघडलं. “हफ्साच्या मॅडम ना? या या. वर हाय ती.”

हफ्सा गच्चीवर सुकट वाळत पसरत होती. नम्रताने उभ्या उभ्याच सांगितलं, “हफ्सा, मी तुझं लिहिणं चोरलं. माझ्या लेखात...”

“वाचलाय मी,” हफ्सा म्हणाली. “वाचनालयात आलावता अंक.”

“मी संपादकांना पत्र लिहिते. तुझं नाव छापायला सांगते. चर्चासत्रात तूच वाच.”

हफ्सा झटकन उठली. जिन्याकडे बघून तिने आवाज खाली आणला. “नाव नको. मॅडम, तुमच्या नावावर ती समीक्षा हाय. माझ्या नावावर ती कबुली होईल. जुहेबचे दोस्त वाचतील, त्याला फोटो पाठवतील. मग मी काय सांगू, पुस्तकातल्या बाईबद्दल हाय म्हणून?”

ते खरं आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क नाही, एवढं तिला कळलं.

“माफ कर,” ती म्हणाली.

“चोरलंत त्याचं एवढं नाय वाटलं,” हफ्सा म्हणाली. “पण तुम्ही त्यावर ‘भावनिक’ असं लिवलंत. मला वाटलं, मला वाचायलाच येत नाय. सहा महिने मी पुस्तक हातात घेतलं नाय, मॅडम. आणि मग तेच वाक्य छापलेलं बघितलं.”

खालून आमनाने चहाला हाक मारली. तिघींनी चहा घेतला. भातकापणीच्या, मुलीच्या परीक्षेच्या गोष्टी झाल्या.

घरी येऊन नम्रताने संपादकांना पत्र लिहिलं: लेखातलं मुख्य निरीक्षण पेणच्या एका वाचकाचं आहे, त्यांना नाव नको आहे, आणि ते न सांगता मी वापरलं हा माझा अपराध आहे. चर्चासत्राला तिने नकार कळवला. पुढच्या अंकात संपादकांनी तिचं पत्र दोन ओळींत आटोपलं. ‘अपराध’ हा शब्द त्यांनी गाळला होता. ‘लेखिका कृतज्ञतापूर्वक नमूद करतात’ असं आलं. स्टाफरूममध्ये एकजण म्हणाले, “एवढा प्रामाणिकपणा हल्ली कुठे बघायला मिळतो!” नम्रता म्हणाली, “नाही हो, तसं नाही.” त्यांनी तोही विनयच मानला. मग भाविकाच्या वर्गात जाऊन तिने खरं काय ते सांगितलं. मुली ऐकत राहिल्या. कुणी काही लिहून घेतलं नाही.

जानेवारीच्या बैठकीला हफ्सा आली आणि मागच्या खुर्चीवर बसली. नवी कादंबरी पुन्हा फिनलंडचीच होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर नम्रताने विचारलं, “हफ्सा, तुला काय वाटलं?”

“वाचली नाय, मॅडम,” हफ्सा म्हणाली.

तिच्या मांडीवरच्या पुस्तकात जागोजाग कागदाचे कपटे खोचलेले होते. नम्रताने ते पाहिले आणि बैठक संपवली.